पार्ट लायब्ररीत सापडत नाही? स्वतः बनवा, पण शंभर बोर्ड टाकण्याआधी हे तपासा



मागच्या व्हिडिओत आपण पंपाच्या ऑटो स्विचचं सर्किट वहीतून कॉम्प्युटरवर घेतलं. त्यानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच. "आमच्याकडं मिळणारा रिले सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत नाही, टर्मिनल नाही, ट्रान्सफॉर्मर तर नाहीच नाही. मग पुढं कसं जायचं?"

उत्तर सोपं आहे: तो पार्ट स्वतः बनवायचा. तासाभराचं काम आहे आणि त्याला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. मीसुद्धा बीबीए केलंय, बाकीचं दुकानाच्या टेबलावर शिकलो.

पण या लेखात मला बनवण्यापेक्षा तपासण्यावर जास्त बोलायचंय. व्हिडिओत बनवणं दिसतं, ते बघून तुम्ही कराल. धंद्यात पैसे बुडतात ते तपासणी राहिल्यामुळं. कॉम्प्युटरवरची एक चुकीची पिन शंभर बोर्डांवर शंभर वेळा छापली जाते. म्हणून शांतपणे वाचा, शक्यतो वही-पेन घेऊन.

आपल्या भागात हा विषय का?

बारामती-इंदापूर पट्ट्यात नीरा डावा कालवा आहे, उजनीचं बॅकवॉटर आहे, विहिरी आहेत, बोअर आहेत. ऊस आहे म्हणजे मोटार आहे, आणि मोटार आहे म्हणजे स्टार्टरची पेटी आहे. शेतीची लाईट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोन वाजता उठून मोटार चालू करायला कुणाला हौस नसते. म्हणून ऑटो स्विच, सिंगल फेज प्रिव्हेंटर, मोबाईल स्टार्टर यांना इथं गिऱ्हाईक आहे.

रिवायंडिंगच्या दुकानात किंवा मोबाईल रिपेअरिंगच्या टेबलावर काम करणाऱ्याला या बोर्डात नक्की काय बिघडतं ते माहीत असतं. कुठला रिले चिकटतो, कुठलं टर्मिनल ढिलं होतं, कुठला ट्रॅक जळतो, हे तो डोळे झाकून सांगेल. असं माहीत असणारा माणूस स्वतःचा बोर्ड काढायचा विचार करतो तेव्हा त्याच्याकडं खरी ताकद असते. त्याला फक्त डिझाइन सॉफ्टवेअर अडवतं.

एक सावधगिरी सांगतो. सौर पंप वाढतायत आणि त्यांचा कंट्रोलर वेगळा असतो, त्यामुळं ऑटो स्विच हाच जन्मभराचा धंदा समजू नका. पण पार्ट बनवायचं कसब कुठल्याही बोर्डाला लागतं. पोल्ट्रीचा टायमर असो, गोठ्यातल्या फॉगरचा कंट्रोलर असो की ठिबकच्या व्हॉल्व्हचा, काम तेच.

कुठलं सॉफ्टवेअर?

आपण कीकॅड वापरतो. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत शिकवणाऱ्या जाँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये ते सुरू केलं. पुढं युरोपातल्या सर्न या मोठ्या संशोधन संस्थेनं त्याला हातभार लावला. ते पूर्ण मोकळं आहे. वर्षाची फी नाही, बोर्डाच्या साईझला मर्यादा नाही, आणि त्यावर बनवलेला माल विकायला कुणाची परवानगी लागत नाही.

आपल्या महाराष्ट्रातलंही एक नाव माहीत असू द्या. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पानं ई-सिम नावाचं सॉफ्टवेअर तयार केलंय. त्याचं आधीचं नाव ऑस्कॅड होतं. त्यात सर्किट आणि बोर्ड काढायला कीकॅडच वापरलंय, सोबत सर्किट चालवून बघायची सोय आहे. आयआयटी मुंबईचाच स्पोकन ट्यूटोरियल हा प्रकल्प प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकारानं उभा राहिला. त्यात कीकॅडचे धडे फुकट मिळतात.

काही जण अजून ईगल वापरतात. ऑटोडेस्क कंपनीनं २०२३ मध्येच जाहीर केलं की ७ जून २०२६ नंतर ईगल मिळणार नाही. धंद्याची सगळी ड्रॉइंग दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवली की असं होतं. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं सरळ कीकॅड धरावं.

पार्ट म्हणजे काय? सातबारा आणि मोजणी

सॉफ्टवेअरमध्ये एका पार्टचे दोन भाग असतात.

पहिला सिम्बॉल. सर्किटच्या नकाशात दिसणारं चिन्ह. कुठली पिन कशाची, हे त्यात असतं.

दुसरा फूटप्रिंट. बोर्डावर तो पार्ट बसायची खरी जागा. होल कुठं, किती मिलिमीटरचं, भोवती तांबं किती, पार्टची बॉडी कुठपर्यंत.

जमिनीच्या भाषेत सांगायचं तर सिम्बॉल म्हणजे सातबारा आणि फूटप्रिंट म्हणजे मोजणी. सातबाऱ्यावर हक्क कळतो, मोजणीत बांध कळतो. दोन्ही जुळतात ते गट नंबरावर. इथला गट नंबर म्हणजे पिन नंबर. सिम्बॉलमधल्या ३ नंबरच्या पिनेला फूटप्रिंटमधल्या ३ नंबरच्या पॅडशीच जोड मिळते. नंबर चुकला तर सातबारा एका गटाचा आणि मोजणी शेजारच्या गटाची, अशी गत होते. सॉफ्टवेअरला तुमचा पार्ट हातात धरता येत नाही, त्यामुळं ते तक्रारही करत नाही.

सिम्बॉल बनवताना दोन गोष्टी पाळा. ग्रिड १.२७ मिमीचीच ठेवा. पिन ग्रिडवर नसली तर वायर जोडल्यासारखी दिसते, पण जुळलेली नसते. आणि पिनचा प्रकार बरोबर द्या: पॉवर इनपुट, आउटपुट, पॅसिव्ह वगैरे. सगळ्यांना एकच प्रकार देऊन टाकला तर चूक शोधणारी तपासणी आंधळी होते.

शुगर क्यूब रिले: एक पार्ट पूर्ण समजून घेऊ

ऑटो स्विचमध्ये असतो तो निळा, चौकोनी, पाच पिनांचा रिले. त्याला बाजारात शुगर क्यूब रिले म्हणतात. उसाच्या पट्ट्यात नाव तरी शोभून दिसतं! कीकॅडच्या लायब्ररीत याचे काही प्रकार आहेत, पण तुमच्या हातातला रिले त्याच मापाचा आहे का, हे तुम्हालाच बघायचंय.

पाच पिना अशा: दोन कॉइलच्या, एक कॉमन, एक एनओ म्हणजे एरवी उघडी, एक एनसी म्हणजे एरवी जोडलेली.

प्रचलित प्रकारात माप साधारण असं येतं. कॉमन पिन एका टोकाला मधोमध. तिच्यापासून लांबीत २ मिमी आत कॉइलच्या दोन पिना, मधल्या रेषेपासून दोन्हीकडं ६-६ मिमीवर. कॉमनपासून १४.२ मिमीवर दुसऱ्या टोकाला एनओ आणि एनसी, त्याही दोन्हीकडं ६-६ मिमीवर. कॉन्टॅक्टच्या पिनांना १.३ मिमीचं होल, कॉइलच्या पिनांना १ मिमीचं. ही मापं अंदाज यावा म्हणून दिली. तुमच्या कंपनीची डेटाशीट उघडा, व्हर्नियर कॅलिपरनं मोजा, आणि दोन्ही जुळली तरच पुढं जा.

आता यातल्या तीन खाचाखोचा बघा.

पहिली: चित्र कुठल्या बाजूनं काढलंय?

रिलेच्या डेटाशीटमध्ये पिनांचं चित्र बऱ्याचदा खालून बघून काढलेलं असतं. त्यावर बॉटम व्ह्यू लिहिलेलं असतं, तेही बारीक अक्षरात. आपण बोर्ड काढतो वरून बघून. चित्र आहे तसं उतरवलं की फूटप्रिंट आरशातल्यासारखा उलटा होतो.

या रिलेत गंमत अशी की उलटा फूटप्रिंटही व्यवस्थित बसतो. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना अंतर सारखंच आहे ना! कॉइलला प्लस-मायनस नाही, त्यामुळं तीही चालते. टक आवाज येतो. बदलतं एकच, एनओच्या जागी एनसी येते.

शेतात याचा अर्थ काय? ऑटो स्विचचा रिले स्टार्ट बटणाच्या दोन टोकांना जोडलाय असं समजा. लाईट आल्यावर तिन्ही फेज बघायचे, ठरलेला वेळ थांबायचं, मग क्षणभर जोड द्यायचा, हे त्याचं काम. एनसी लागली तर हा जोड आधीपासूनच दिलेला असतो. लाईट येताक्षणी मोटार ओढते, फेज बघणं नाही, थांबणं नाही. माणूस स्टॉप दाबतो, मोटार थांबते. बोट काढलं की पुन्हा सुरू. "अहो, स्टॉप दाबलं तरी परत चालू होतीय की ही!" असा फोन येतो. त्या वेळी कुणी विहिरीत फुटबॉल व्हॉल्व्ह काढायला उतरलेला असेल, कुणाचा हात कपलिंगवर असेल.

म्हणून ही फक्त ड्रॉइंगमधली चूक म्हणून सोडून देऊ नका. मल्टिमीटर बीपवर ठेवा. रिलेला वीज न देता कॉमनपासून दोन्ही पिना तपासा. जिथं बीप वाजते ती एनसी. डेटाशीट काहीही म्हणो, हातातल्या पार्टचा शब्द शेवटचा.

दुसरी: पॅड मोठं केलं की अंतर घटतं.

सोल्डरिंग सोपं जावं म्हणून आपण पॅड मोठं करतो. इथं हिशोब करा. कॉमन पिन आणि कॉइलची पिन यांच्या केंद्रांतलं अंतर सुमारे ६.३ मिमी. कॉमनचं पॅड ३ मिमी, कॉइलचं २.५ मिमी धरलं तर तांब्यामधली मोकळी जागा उरते साडेतीन मिमी. दोन्ही पॅडं ४ मिमी केली की उरतात जेमतेम २.३ मिमी. एका बाजूला मेन लाईन आणि दुसऱ्या बाजूला १२ व्होल्टचं सर्किट, ज्याला माणसाचा हात लागू शकतो. मेन आणि लो व्होल्टेज यांच्यात साधारण ६ ते ८ मिमी ठेवायची पद्धत आहे. या रिलेत पिनाच जवळ असल्यामुळं तेवढं मिळतच नाही. म्हणून अनेक डिझाइनर कॉमनच्या पॅडजवळ बोर्डाला खाच पाडतात. ओल, धूळ, मुंग्या, पाली या सगळ्यांचं बिऱ्हाड स्टार्टरच्या पेटीत असतं. पृष्ठभागावरून वीज चालत जायला त्यांचीच मदत होते. ती खाच तुमच्या फूटप्रिंटमध्येच काढून ठेवा, म्हणजे पुढच्या बोर्डात विसरणार नाही.

तिसरी: पार्टवर छापलेलं वाचा.

या रिलेवर सहसा २५० व्होल्ट एसी छापलेलं असतं. आपल्याकडच्या थ्री फेज स्टार्टरची कॉइल बऱ्याच वेळा दोन फेजांवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर चालते. मग हा रिले तिथं बसतो का? मापानं बसतो, कामानं बसत नाही. तिथं त्या व्होल्टेजला चालणारा रिले शोधा आणि बोर्डावरचं अंतरही त्या हिशोबानं वाढवा. मेन लाईनचा बोर्ड विकण्याआधी एकदा जाणकार इलेक्ट्रिकल माणसाला दाखवा. त्याची फी हा खर्च मालाच्या किमतीत धरा.

नेहमी दगा देणारे चार पार्ट

ट्रान्झिस्टर. सपाट बाजू आपल्याकडं, पाय खाली धरले तर बीसी ५४७ मध्ये डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. टू-एन ३९०४ मध्ये डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. दिसायला दोन्ही एकच. दुकानदार म्हणतो, "तेच आहे, चालतंय." बोर्डावर चालत नाही. म्हणून सिम्बॉलला नुसतं ट्रान्झिस्टर असं नाव देऊ नका, नंबरासकट द्या.

रेग्युलेटर. छापलेली बाजू आपल्याकडं धरा. ७८०५ मध्ये डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९०५ मध्ये ग्राउंड, इनपुट, आउटपुट. एलएम ३१७ मध्ये अ‍ॅडजस्ट, आउटपुट, इनपुट. तिघांची बॉडी एक, फूटप्रिंटही एक, पण सिम्बॉल तीन.

स्क्रू टर्मिनल. हिरवं किंवा निळं, वायर कसायचं. एका प्रकारात दोन पिनांतलं अंतर ५.०० मिमी, दुसऱ्यात ५.०८. दोन पिनांचं टर्मिनल असेल तर फरक कळतही नाही. बारा पिनांची पट्टी असेल तर मध्ये अकरा अंतरं, प्रत्येकात ०.०८ चा फरक, म्हणजे टोकाला ०.८८ मिमी. शेवटची पिन होलात जाणारच नाही. मोजताना एक अंतर मोजू नका. पहिल्या पिनेपासून शेवटच्या पिनेपर्यंत मोजा आणि अंतरांच्या संख्येनं भागा.

चौकोनी पिना. पिन हेडर ०.६४ मिमी चौरस असतो. पण होल गोल आहे, त्यात कर्ण मावला पाहिजे. ०.६४ गुणिले १.४१४ म्हणजे ०.९ मिमीच्या वर. म्हणून १ मिमीचं होल. गोल पायांसाठी पायाच्या जाडीपेक्षा ०.२ ते ०.३ मिमी जास्त धरा.

आणि हो, ट्रान्सफॉर्मर. गावाकडं गुंडाळून मिळणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला डेटाशीट नसते. तिथं मोजमाप हीच डेटाशीट. एक नग मोजून थांबू नका, पाच नग मोजा. हातानं केलेल्या मालात फरक असतोच. सगळ्यात मोठं माप धरून बॉडी काढा.

नेटवरून उतरवलेला पार्ट चालेल का?

चालेल. पार्ट फुकट देणाऱ्या साईट आहेत, कंपन्याही देतात. पण तो पार्ट कुणीतरी कुठल्यातरी रिलेसाठी बनवलेला असतो. तुम्ही पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून आणलेला रिले त्याच कंपनीचा असेल असं नाही. त्यामुळं उतरवलेला पार्ट आणि स्वतः केलेला पार्ट, दोघांची तपासणी सारखीच करा.

पाच रुपयांची तपासणी

१. बोर्डाचं चित्र खऱ्या मापात, म्हणजे १०० टक्क्यांवर प्रिंट काढा. प्रिंटर स्वतःहून चित्र पानात बसवायला बघतो, ती सोय बंद करा.

२. चित्रात १०० मिमीची एक रेघ आधीच काढून ठेवा. प्रिंटवर पट्टीनं मोजा. ९७ भरली तर ती प्रिंट फेकून द्या.

३. प्रिंट थर्माकोलच्या तुकड्यावर चिकटवा. प्रत्येक पार्ट त्याच्या जागी टोचा. शेवटची पिन जाते का? शेजारच्या पार्टला बॉडी घासते का? टर्मिनलला स्क्रू ड्रायव्हर लागतो का? बोर्ड पेटीच्या होलांवर बसतो का?

४. सिम्बॉल, फूटप्रिंट आणि हातातला पार्ट, तिघांच्या पिना एकेक करून मोठ्यानं वाचा. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टिक करायचं. दुसरा माणूस टेक्निकल असायची गरज नाही. घरातलं कुणीही चालेल.

५. एक नंबरच्या पिनेची खूण बोर्डावर, पार्ट बसल्यावरही दिसेल अशा ठिकाणी आहे का, ते बघा. सोल्डरिंग करणाऱ्या मुलीला किंवा मुलाला डेटाशीट देता येत नाही, खूण देता येते.

चूक सापडली. आता दुरुस्ती कशी?

इथं नवखे एक गोष्ट विसरतात. कीकॅडमध्ये बोर्डाच्या फाईलमध्ये फूटप्रिंटची स्वतःची प्रत असते. तुम्ही लायब्ररीत जाऊन पार्ट दुरुस्त केला, सेव्ह केला, तरी बोर्डावर जुनाच राहतो. दुकानात भावफलक बदलला म्हणून आधी फाडलेली बिलं बदलत नाहीत, तसं. बोर्डाच्या एडिटरमध्ये जाऊन लायब्ररीतून फूटप्रिंट अपडेट करा ही आज्ञा द्यावी लागते. सिम्बॉलचंही तसंच, सर्किटच्या एडिटरमध्ये. त्यानंतर सर्किटवरून बोर्ड अपडेट करा, आणि दोन्हीकडच्या नियमांची तपासणी पुन्हा चालवा. पॅडं हलली असतील तर जुने ट्रॅक लोंबकळत राहतात, ते तिथं सापडतात.

कीकॅडसोबत आलेल्या मूळ लायब्ररीत हात घालू नका. पार्टची प्रत स्वतःच्या लायब्ररीत घ्या, तिला नवं नाव द्या, मग बदल करा. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली तरी तुमचं काम जागेवर राहतं.

बोर्ड छापून आल्यावर चूक सापडली तर? लो व्होल्टेजच्या भागात ट्रॅक कापून जंपर टाकता येतो. फूटप्रिंट आरशासारखा उलटा झाला असेल तर पायांचा पार्ट बोर्डाच्या दुसऱ्या बाजूनं बसवून सॅम्पल चालवून बघता येतं. पण हे फक्त टेबलावरच्या चाचणीसाठी. मेन लाईनच्या भागात जंपर लावलेला बोर्ड गिऱ्हाईकाला देऊ नका. तो लॉट भंगार समजा.

हिशोब मांडू

आता माझ्या विषयावर येतो. आकडे उदाहरणासाठी धरलेत, तुमचे तुम्ही घाला.

१०० नगांचा लॉट. कोरा बोर्ड ६० रुपये, म्हणजे ६,००० रुपये. पार्ट ३५० रुपयांचे, म्हणजे ३५,०००. जोडणीची मजुरी ५० रुपये, म्हणजे ५,०००. एकूण ४६,०००. एका नगामागं सगळं जाऊन १५० रुपये सुटतात असं धरू.

चूक कॉम्प्युटरवर सापडली: खर्च शून्य, दहा मिनिटं.

थर्माकोलवर सापडली: पाच रुपये.

पाच सॅम्पल बोर्ड मागवल्यावर सापडली: कुरिअर धरून हजार-बाराशे आणि एक आठवडा.

कोरे शंभर बोर्ड आल्यावर सापडली: ६,००० रुपये. म्हणजे ४० नग विकल्यावर जो नफा झाला असता तो गेला.

जोडणी झाल्यावर सापडली: काही पार्ट काढून वापरता येतील, पण सगळाच लॉट गेला तर ४६,०००. तीनशेहून जास्त नगांचा नफा. म्हणजे असे तीन लॉट नुसते भरपाईसाठी विकायचे.

शेतात सापडली: याला आकडा नाही. निमगाव केतकीला एक, पळसदेवला एक, भिगवणला दोन, प्रत्येक ठिकाणी गाडी काढून जा, पेटी उघडा, बोलणी खा. जळालेल्या मोटारीचं बिल समोर येतं ते वेगळंच. आणि आपल्याकडं एका वस्तीवर नाव खराब झालं की बाजाराच्या दिवशी ते सगळीकडं पोचतं.

कागदाचा एक ताव आणि थर्माकोलचा तुकडा यांचा परतावा बघा. एवढा व्याजदर कुठलीच पतसंस्था देत नाही.

लायब्ररी हे भांडवल आहे

दुकानात माल असतो, हत्यारं असतात, त्याची नोंद आपण ठेवतो. तपासलेल्या पार्टची लायब्ररी हीसुद्धा मालमत्ताच आहे. पहिला बोर्ड काढायला महिना लागला तर चौथा आठवड्यात होतो, कारण रिले, टर्मिनल, ट्रान्सफॉर्मर, पेटीची होलं हे सगळं एकदाच मोजलेलं असतं.

तिची व्यवस्था साधी ठेवा.

एक वही करा. पार्टचं नाव, कंपनी, कुठून घेतला, डेटाशीट आहे का, कुणी मोजलं, तारीख. पुढं तीन रकाने: कच्चा, कागदावर पास, बोर्डावर पास. शंभराच्या लॉटमध्ये फक्त बोर्डावर पास झालेला पार्टच जाईल, हा नियम. नवीन पार्ट असेल तर आधी पाच सॅम्पल, मग लॉट.

प्रत्येक पार्टचा एक नग छोट्या पिशवीत घालून वहीच्या पानाला लावा. पुढच्या वेळी दुकानदार "तोच आहे, फक्त कंपनी दुसरी" म्हणाला की पिशवीतला नग शेजारी धरून मोजा. कंपनी बदलली म्हणजे पार्ट नवा, तो पुन्हा कच्च्या रकान्यात.

लायब्ररीची प्रत दर आठवड्याला पेन ड्राइव्हवर आणि कामावरच्या मुलाच्या नव्हे, तुमच्या स्वतःच्या खात्यावर ठेवा. मुलगा उद्या बारामती एमआयडीसीत नोकरीला लागला तर आनंदच आहे, पण लायब्ररी त्याच्यासोबत जाऊ नये.

बरेच जण विचारतात, नुसते पार्ट बनवून देण्याचा धंदा होईल का? खरं सांगायचं तर एकट्या त्यावर पोट भरणं अवघड आहे, कारण प्रचलित पार्ट नेटवर फुकट मिळतात. पण कॉलेजच्या प्रोजेक्टवाल्यांना, छोट्या मशीनवाल्यांना बोर्ड डिझाइन करून देताना हेच काम तुमचा दर ठरवतं. कोटेशनमध्ये पार्ट तपासणी ही ओळ वेगळी लिहा आणि तिचे पैसे मागा. गिऱ्हाईकानं विचारलं कशाचे, तर थर्माकोल दाखवा. पटतं.

दुसऱ्या कंपनीचा बोर्ड जसाच्या तसा उतरवून विकू नका, एवढं मात्र पाळा. दुरुस्तीतून जे कळलं ते वापरून स्वतःचा चांगला बोर्ड काढा.

या आठवड्याचं काम

दुकानातला किंवा घरातला कुठलाही एक पाच पिनांचा रिले घ्या. बीप लावून कॉमन आणि एनसी शोधा. कॅलिपरनं मोजा, सिम्बॉल आणि फूटप्रिंट बनवा, प्रिंट काढा, थर्माकोलवर टोचा. मग लायब्ररीत आधीपासून असलेल्या पार्टशी ताडून बघा. जिथं फरक दिसेल तिथं थांबा आणि कोण बरोबर ते हातातल्या रिलेला विचारा.

ज्यांच्याकडं कॅलिपर नाही त्यांनी आधी तो घ्या. कॉम्प्युटर नंतर मोठा घेतला तरी चालेल.

पुढच्या व्हिडिओत हाच बोर्ड पेटीत बसवू, आणि पेटीचं माप चुकल्यावर काय होतं तेही बघू. तोपर्यंत वहीत पहिला पार्ट लिहून ठेवा.